हवापालट

पितृपंधरवडा आला की माझं नाक सुरू व्हायचं. ‘सुरू होणं’ हाच आमच्या घरातला शब्द होता. विहिरीवरची मोटार सुरू व्हावी तसं. सकाळी अंथरुणात डोळे उघडायच्या आधी पहिली शिंक यायची आणि मग एकीमागं एक माळच लागायची. टाळूला आतून खाज सुटायची. जिभेनं टाळू खरवडताना घशातून कोंबडीसारखा आवाज निघायचा आणि माझा धाकटा भाऊ संजू हसायचा. डोळे चोळून चोळून लाल व्हायचे, त्यांच्याखाली काळसर सावली धरायची. नाकातून येणारं पाणी नुसतं पाणीच असायचं, स्वच्छ, पातळ. ते थोपवायला मी तळहातानं नाक खालून वर ढकलायचे. ती सवय इतकी जडली की नाकावर एक आडवी रेघ उमटली. ताप मात्र कधी नसायचा. त्यामुळं मी धड आजारी नसायचे आणि धड बरीही नसायचे. आजारी मुलाजवळ कुणीतरी बसतं. माझ्याजवळ बसायला कुणाला सवड नसायची, कारण ते ऐन कामाचे दिवस असायचे आणि मी आपली चालती-फिरती होते.

आमचं घर बारामतीजवळ कन्हेरीत, गावापासून जरा बाजूला, रानातच. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा लांब सोपा. सगळा संसार त्या सोप्यात चालायचा. दुपार कलली की आई आणि शेजारच्या बायका मेथी, कोथिंबीर, शेपू उपटून आणायच्या आणि दिवेलागणीपर्यंत जुड्या बांधत बसायच्या. ओल्या मुळ्यांचा आणि शेपूचा उग्र वास घरातल्या कपड्यांनाही यायचा. दादा, म्हणजे माझे वडील, पहाटेच माल घेऊन बारामतीच्या बाजाराला जायचे. मला जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्यानं, आणि त्यामागं दूरवर मोटारीची घरघर. बाजरीची भाकरी, वर लसणाची चटणी आणि तेलाची धार. पाऊस उघडून ऊन पडलं की बांधावर, पाण्याच्या चारीच्या कडंनी, शाळेच्या वाटेच्या दोन्ही अंगांना गाजरगवत कमरेइतकं वाढायचं आणि बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जायचं. आम्ही पोरी त्या फुलांचा भात करून भातुकली खेळायचो. मी तर फ्रॉकचा ओचा भरून फुलं आणायचे. आज माझ्या भाच्याला दोन शिंका आल्या तरी त्याची आई दवाखान्याला फोन लावते, आणि बरोबरच करते. आमच्या वेळी फुलांनी कुणाला काही होतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

माझं जे काही व्हायचं त्याला घरात ‘सर्दी’ म्हणत, आणि सर्दीवर जे जे असतं ते सगळं माझ्यावर झालं. दही बंद, ताक बंद, केळी बंद, पेरू तर घरात दिसायचाच नाही. डोक्याला कानटोपी. छातीला तेल, नाकाशी ओव्याची पुरचुंडी. कुणीतरी म्हणालं नजर लागलीय, म्हणून आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि त्या धुरानं मी अशी घुसमटले की दादांनी मला उचलून बाहेर अंगणात आणलं. आई चुलीपाशीच उभी राहिली. तिचा चेहरा मला आठवतो. तिनं मनापासून केलं होतं आणि त्यानंच पोर काळंनिळं झालं होतं. तेव्हापासून ती माझ्या बाबतीत काही करायला कचरायला लागली. मला त्याचा अर्थ तेव्हा एवढाच लागला, की आई माझ्यापासून लांब राहते.

शाळेत तर सरळच लांब ठेवलं. गुरुजी वाईट नव्हते, पण वर्गात पोरं एकमेकांना खेटून बसायची. “हिची सर्दी सगळ्यांना लागंल,” म्हणून त्यांनी मला दाराजवळ वेगळ्या पोत्यावर बसवलं. दारातून वाटेवरचा सगळा वारा माझ्याच अंगावर यायचा आणि शिंका वाढायच्या. पोरं ‘शेंबडी मनी’ म्हणायची. माझी मैत्रीण अलका माझ्याशी बोलायची, पण शाळा सुटल्यावर, चारीच्या पलीकडं गेल्यावर. गावात कुणीतरी दबक्या आवाजात क्षयाचं नावही काढलं. मग संजूला माझ्या अंथरुणातून उचलून आईच्या कुशीत नेलं, आणि माझं अंथरूण एकटंच सोप्याकडच्या भिंतीला पडायला लागलं.

त्या वर्षी दसऱ्याला दादा मला इंदापूरला घेऊन गेले. तिथं त्यांची धाकटी बहीण, माझी शांताआत्या राहायची. आत्याचे यजमान, त्यांना मी मामा म्हणायचे, एसटीत कंडक्टर होते. आज या गावाला मुक्काम, उद्या त्या गावाला, त्यामुळं घरात बहुतेक वेळ आत्या एकटीच. तिला मूलबाळ नव्हतं. घर बाजारपेठेच्या आतल्या बोळात, दोन्हीकडं भिंती, पायाखाली फरशी. आम्ही चार दिवसांसाठी गेलो होतो. त्या चार दिवसांत माझं नाक कोरडं झालं. परत कन्हेरीला आले आणि संध्याकाळच्या आत माळ पुन्हा सुरू.

दादांनी सोप्यात बसून निकाल दिला. “हिला इंदापूरची हवा मानवती. थंडी सरंपतूर ऱ्हाऊ द्या आत्याकडं.”

आई जुडीला पेंढ्याची गाठ मारत होती. ती एवढंच म्हणाली, “शाळंचं काय?”

“तितं बी शाळा हाय.”

अशी माझी हवापालट सुरू झाली. पुढं दरवर्षी पितृपंधरवड्यात माझी पिशवी भरली जायची आणि संक्रांत झाल्यावर मी परत यायचे. इंदापूरच्या शाळेत मी ओळखीनं बसायचे, पटावर नाव नव्हतं. हजेरी चालू झाली की सगळी पोरं ‘हजर’ म्हणायची आणि मी गप्प. कन्हेरीला परत यावं, तर तिथं पाढे पुढं गेलेले, खेळ बदललेले, अलकाच्या शेजारी दुसरीच कुणी. दिवाळीला कन्हेरीत किल्ला व्हायचा, हुरड्याला सगळी भावकी रानात बसायची, गायीला कालवड झाली तिचं नावही माझ्याशिवाय ठेवलं गेलं. दादा महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायचे, मेथीच्या जुड्या आणि आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन. आई मात्र एकदाही आली नाही. रोज संध्याकाळी मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून स्टँडकडून येणाऱ्या बायकांकडं बघायचे. आत्या हाक मारायची नाही. ती उंबऱ्यात येऊन बसायची आणि माझं बघून झालं की आम्ही दोघी आत जायचो.

आत्या फार बोलणारी नव्हती. तिचं प्रेम ताटात उतरायचं. हुलग्याचं माडगं, शेंगोळ्या, मामा असले की उजनी धरणातली मासळी. मी झोपले की ती माझ्या नाकापुढं बोट धरून श्वास बघायची. मला ते कळायचं, मी डोळे मिटून पडून राहायचे. कन्हेरीत मी कशानं शिंकायचे, कशानं नाही, हे मी बोलता बोलता सांगितलेलं सगळं तिच्या ध्यानात असायचं. पण तेही ती कुणाला सांगायची नाही, कारण तिला कुणी विचारायचंच नाही. मामा नसले की त्या घरात इतकी शांतता असायची की स्टोव्हची भुरभुर बंद झाली की कानात काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. एकदा मी तिला विचारलं, “आत्या, मी न्हाय तवा तू काय करती?” ती म्हणाली, “तू यायची वाट बघती.” आणि लगेच, जास्त बोलून गेल्यासारखं, उठून भांडी घासायला बसली.

तिसऱ्या वर्षी पाऊस भरपूर झाला. आत्याच्या घरामागं एक जुनी बखळ होती, तिथली पडकी भिंत कुणीतरी पाडून जागा मोकळी केली होती. त्या मोकळ्या जागेत गाजरगवत माजलं. मी इंदापूरला गेले आणि थोड्याच दिवसांत, जे तिथं कधीच झालं नव्हतं ते झालं. सकाळी उठले ती शिंकतच.

आत्यानं मागची खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मला शाळेतून आणायला स्वतः येऊ लागली, पदर माझ्या तोंडावर धरून. आणि दादा भेटायला येणार होते त्या दिवशी सकाळी माझे केस विंचरताना, माझ्याकडं न बघता म्हणाली, “मने, दादाला सांगू नगं हं शिंकती म्हणून. उगं काळजी करंल.” मी बरं म्हणाले. दादा आले तेव्हा मी श्वास धरधरून बसले आणि शिंक आली की मोरीत पळाले. दादा खूश होऊन गेले. हवा मानवत नसेल तर मला तिच्याकडं ठेवायचं काही कारणच उरणार नव्हतं, हे आत्याला कळत होतं. मला ते फार उशिरा कळलं, माझं स्वतःचं घर रिकामं झालं तेव्हा.

मग एका शनिवारी सकाळची शाळा करून आल्यावर माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली. मला वाटलं बाहेर कुणी पोर पिपाणी वाजवतंय. बोलायला गेले तर वाक्य अर्ध्यावर तुटायचं. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. आत्यानं माझ्या पाठीवर कान लावला, आणि मग पायात चपला सरकवल्या, मला कडेवर घेतलं. मी तशी मोठी होते, कडेवर घेण्याजोगी नव्हते. जवळच्या दवाखान्यात सुई टोचली. तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरीण बाई आहेत, आत्ताच घेऊन जा. मामा गाडीवर होते. आत्या मला घेऊन बारामतीच्या एसटीत बसली. सगळ्या वाटेत तिनं मला ताठ बसवून धरलं होतं आणि माझ्याबरोबर तीही श्वास घेत होती, मोठा, हळू, जणू माझाही तीच घेऊन देणार होती.

डॉक्टरीण बाईंनी आधी तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ दिली. छातीतली शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. मग त्यांनी माझी हनुवटी वर केली, नाकावरच्या आडव्या रेघेवर बोट फिरवलं, डोळ्यांखालची सावली बघितली आणि आत्याला विचारायला लागल्या. “ताप येतो?”

“न्हाय. कधीच न्हाय.”

“नाकातून पाणी, का घट्ट पिवळं?”

“पाणी. आन् खाज. टाळूला, डोळ्याला, कानात बी.”

“वर्षभर?”

“न्हाय बाई. पितर आलं की सुरू, संक्रांतीला बंद. दरसाल. सकाळच्या पारी जास्त. पाऊस पडला की त्या दिशी बरी असती. वारं सुटलं की बिघडती.”

“घरात कुणाला दमा?”

“आमच्या आईला हुता. माझ्या न् हिच्या बापाच्या.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “ही सर्दी नाही. सर्दी आठवडाभरात जाते आणि एकाची दुसऱ्याला लागते. हे कुणालाही लागत नाही. गवताच्या फुलांतलं बारीक पीठ हवेतून नाकात जातं आणि हिच्या शरीराला ते सोसत नाही. फुलायचे महिने तेच, म्हणून हिचे महिने तेच. नाकाकडे दुर्लक्ष झालं की ते असं छातीत उतरतं.” मग हसून म्हणाल्या, “आईला इतकं नीट ठाऊक असलं की आमचं काम सोपं होतं.”

आत्या म्हणाली, “मी आय न्हाय. आत्या हाय.”

“मग आई कुठं आहे?”

आत्यानं सगळं सांगितलं. कन्हेरी, हवापालट, पिशवी, तिसरं वर्ष. बाईंचा चेहरा बदलला. “अहो, ते गवत कुठं नाही? किती गावं बदलाल? औषध चालू ठेवलं आणि जरा काळजी घेतली तर ही आपल्या घरी राहू शकते. एवढ्याशा पोरीला आईपासून कशाला तोडायचं?”

त्या खोलीत आम्ही तिघीच होतो. बाईंचं बोलणं ऐकणारं आमच्या घरातलं दुसरं कुणी नव्हतं. आत्या म्हणाली असती, डॉक्टरांनी औषध दिलं, चल, तर मी निमूट तिच्याबरोबर इंदापूरला गेले असते आणि कुणाला काही कळलंही नसतं. स्टँडवर आलो तेव्हा इंदापूरची गाडी लागलेलीच होती. आत्या तिच्या दारापर्यंत गेली. मग मागं वळली, मला सिमेंटच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसून राहिली. माणसं चढली, गाडी हलली, फाटकातून बाहेर पडली. आत्यानं माझ्या फ्रॉकची कॉलर सरळ केली. “चल,” म्हणाली, “कन्हेरीच्या वडापची जीप कुठं लागतीय ते बघू.”

उन्हं उतरताना आम्ही घरी पोचलो. सोप्यात जुड्या चालू होत्या. आम्हाला अवेळी बघून आई ताडकन उठली. आत्या पाणीही न पिता बोलायला लागली, आणि तिला मी त्याआधी किंवा नंतर एवढं बोलताना ऐकलं नाही. “वैनी, नीट ऐक. हे लागत न्हाय कुणाला, संजूला हिच्याजवळ झोपू दे. शाळंतनं आली की तोंड, डोळं, हातपाय धुवायचं, केसं पुसायची न् कपडं बदलायचं. हिची कापडं बांधाकडं वाळू घालू नगंस, घरात दोरीवर टाक. जुड्या दुसरीकडं बांधा, झोपायच्या जागंपासनं लांब. धूर करू नगंस. दही-केळी समदं खाऊ दे, त्यानं काय हुत न्हाय. ह्या औषधाची बाटली रोजची, आन् दम लागला की तोंडानं वढायचा हा पंप. पंपाची सवय लागती म्हणत्यात ते खोटं हाय, बाईंनी सांगितलंय. पुढच्या साली फुलं यायच्या आधीच औषध सुरू करायचं.” मग दादांकडं वळून म्हणाली, “आन् दादा, गवात फुलायच्या आधी उपटा. तोंडाला फडकं बांधून. ही असंल तवा न्हाय.”

दादा म्हणाले, “आगं, पण तिकडची हवा…”

“तिकडं बी शिंकती ती,” आत्या म्हणाली. “मीच तिला सांगितलं हुतं, तुमाला सांगू नगं म्हणून.”

आई आत गेली आणि चहा ठेवला. आत्या चहा घेऊन शेवटच्या वडापनं परत गेली. माझे कपडे पुढच्या आठवड्यात मामांनी आणून दिले, धुतलेले, घड्या घातलेले.

घर बदललं, पण एकदम नाही. दादांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून वाटेचं गवत काढलं, तरी थोडं राहायचंच. आई आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेली. दारातच उभी राहून गुरुजींना म्हणाली, “माझ्या पोरीचं कुणाला लागत न्हाय. तिला पोरींत बसवा.” गुरुजींनी बसवलं. नाक कमी झालं, छाती पुन्हा कधीतरीच वाजली आणि वाजली तेव्हा पंप हाताशी होता. पण आपल्या घरात परत राहायला येणं मला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. संजू आता माझ्याजवळ झोपायला तयार नव्हता, त्याला आईची सवय झाली होती. अलकाच्या आणि तिच्या नव्या मैत्रिणीच्या खाणाखुणा मला कळायच्या नाहीत. मी सोप्यात बसून सगळ्यांकडं पाहुण्यासारखी बघत राहायचे. आणि संध्याकाळ झाली की पाय उगाच रस्त्याकडं वळायचे. आता मी कुणाची वाट बघत होते हे मलाच नीट सांगता आलं नसतं.

भाऊबिजेला आत्या आली. दादांना ओवाळलं, माझ्या नाकावरची रेघ अंगठ्यानं पुसून बघितली, आणि “पुसट झाली,” एवढंच म्हणाली. निघायच्या वेळी दादा म्हणाले, “मने, जाती का चार दिस आत्याबरूबर?” मी आत्याकडं बघितलं. तिनं पिशवीचे बंद मुठीत धरले होते. “नगं,” ती म्हणाली. “आत्ताशी कुठं रुळलीय. हितंच ऱ्हाऊ द्या.”

आई आणि मी तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. वडाप दिसेनासं झालं तरी मी उभीच होते. आई बाजूला उभी राहिली, घाई न करता, जे ती कधी करायची नाही.

“आत्याची आठवण येती?” तिनं विचारलं.

“व्हय.”

मग मला कधीपासून विचारायचं होतं ते मी विचारलं. “तू का न्हाय आलीस कधी तिकडं?”

आईनं रस्त्याकडंच बघत उत्तर दिलं. “आले आस्ते तर तुला घिऊनच आले आस्ते. आन् हितं आणून परत धुरात घुसमटवली आस्ती. म्हणून न्हाय आले.”

मग तिनं माझा हात धरला. तिचा हात मेथीनं हिरवा झालेला आणि खरखरीत होता. आम्ही घराकडं वळलो, आणि सगळ्या वाटेत तिनं तो सोडला नाही.